आधीचा पंचनामा

आपल्याकडे नुकसान मोजतात ते वादळ निघून गेल्यावर. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळलं. मग श्रीवर्धन, दिवेआगर, मुरुडच्या वाड्यांतून तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक कागद घेऊन हिंडू लागले. किती कौलं, किती पत्रे, किती माड, किती पोफळी. भरपाई हेक्टरी द्यायची की झाडामागे, यावरून पुढे बरीच वादावादी झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. चार गुंठ्यांच्या आगरात पोफळी दाटीनं उभ्या असतात. त्यांना हेक्टरचं माप लावलं तर हातात येणारी रक्कम पडलेली झाडं उचलायलाही पुरत नाही. शिवाय नवी पोफळ धरेपर्यंत जी वर्षं जातात ती कुठल्या रकान्यात लिहायची?

हे पुस्तक ज्या विद्येची ओळख करून देतं, ती असाच पंचनामा वादळ अजून समुद्रात असताना करू पाहते. कोणती छपरं जातील, कोणत्या वस्तीत किती फूट पाणी चढेल, किती माणसं मागे राहतील, वीज किती दिवस नसेल आणि या सगळ्याची रक्कम किती होईल. रकाने तेच, फक्त ते आधी भरायचे. आणि ते भरताना चूक कुठे होते हे पाहिलं, तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. वादळाबद्दलचे रकाने गेल्या तीस-चाळीस वर्षांत अधिकाधिक बरोबर भरले जाऊ लागले. चुकतात ते शहराबद्दलचे, म्हणजे ज्यांची उत्तरं शहराला आधीच ठाऊक असायला हवीत असे.

या विद्येचा धंदा झाला तो अमेरिकेत. कॅरन क्लार्क यांनी १९८७ मध्ये बॉस्टनला एक कंपनी काढली आणि विमा कंपन्यांना सांगायला सुरुवात केली, की मागच्या वीस वर्षांत किती दावे आले याची सरासरी काढून पुढच्या वादळाचा हप्ता ठरवू नका; ती वीस वर्षं नशिबानं शांत गेली असतील. त्यांच्या पद्धतीत संगणकावर हजारो काल्पनिक हरिकेन किनाऱ्यावर सोडली जात आणि प्रत्येकाच्या वाटेतली घरं मोजली जात. फारसं कुणी ऐकलं नाही. मग २४ ऑगस्ट १९९२ च्या पहाटे ‘अँड्र्यू’ दक्षिण फ्लोरिडात शिरलं. वारा अजून पुरता ओसरलेला नसताना क्लार्क यांनी आपल्या ग्राहकांना फॅक्स धाडला : विमा उतरवलेलं नुकसान १३ अब्ज डॉलरच्या पुढे जाऊ शकतं. तोवरचं सगळ्यांत महाग वादळ होतं १९८९ चं ‘ह्यूगो’, साधारण ४ अब्जांचं. त्यामुळे फॅक्स वाचणाऱ्यांना तो आकडा अवास्तव वाटला. शेवटी बेरीज साडेपंधरा अब्जांवर गेली आणि अकरा विमा कंपन्या बुडाल्या. त्यानंतर क्लार्क यांच्याकडे आणि त्यांच्या स्पर्धकांकडे कामाची वाण पडली नाही.

वाऱ्याच्या नुकसानीचं गणित वरवर सोपं आहे. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट तर दाब चौपट. नुकसान मात्र याहूनही वेगानं चढतं, कारण घर हे एकसंध वस्तू म्हणून मोडत नाही. आधी एखादी खिडकी किंवा गॅरेजचं दार जातं, वारा आत घुसतो, आणि आता छपराला वरून ओढणारा आणि आतून ढकलणारा असे दोन्ही जोर एकदम लागतात. छप्पर गेलं की पाऊस आत, मग गाद्या, तारा, भिंतींचा गिलावा. म्हणून मॉडेलमध्ये प्रत्येक प्रकारच्या घरासाठी एक वक्ररेषा असते : अमुक वेगाला किमतीच्या इतके टक्के नुकसान. ही रेषा प्रयोगशाळेत आणि जुन्या दाव्यांवरून काढता येते. पण अँड्र्यूनंतर पाहणी करणाऱ्यांना फ्लोरिडाच्या कित्येक घरांवर असं दिसलं, की छपराच्या फळ्यांवर ठोकलेले खिळे खालच्या वाशाला लागलेच नव्हते. शेजारून, हवेत गेले होते. बांधकामाचे नियम कागदावर कडक होते. तपासनिसानं शिडीवर चढून पाहिलं नव्हतं. वक्ररेषा बरोबर होती, ज्या घराला ती लावली ते घर कागदावरचं होतं.

वाऱ्याहून पाणी अवघड. हरिकेन किनाऱ्याकडे येतं तेव्हा समुद्र त्याच्यापुढे लोटला जातो आणि भरतीच्या वर आणखी काही फूट पाणी चढतं. आपण त्याला वादळी उधाण म्हणू. ते किती चढेल हे नुसत्या वेगावर ठरत नाही. वादळाचा घेर किती मोठा, ते किनाऱ्याला कोणत्या कोनातून भिडतंय, किती वेगानं पुढे सरकतंय, आणि मुख्य म्हणजे किनाऱ्यालगतचा समुद्र किती दूरपर्यंत उथळ आहे, यावर ठरतं. उथळ समुद्रात लोटलेल्या पाण्याला खाली जायला जागा नसते, म्हणून ते वर येतं. मेक्सिकोच्या आखाताचा उत्तर किनारा असाच उथळ आहे.

तरी सामान्य माणसाच्या हातात एकच आकडा पडायचा, एक ते पाच. हर्बर्ट सॅफिर या अभियंत्यानं आणि रॉबर्ट सिम्पसन या हवामानतज्ज्ञानं १९७० च्या दशकाच्या आरंभी ही श्रेणी रूढ केली. सॅफिरचं मूळ काम वाऱ्यानं इमारतींचं काय होतं एवढ्यापुरतं होतं. उधाणाची उंची तिला नंतर जोडली गेली. मिसिसिपी राज्याच्या किनाऱ्यावर १९६९ मध्ये पाचव्या श्रेणीचं ‘कमील’ आलं होतं. ते भयंकर, पण घेरानं लहान. त्या रात्री ज्या घरांत पाणी शिरलं नाही त्यांच्या मालकांना वाटलं, पाचव्या श्रेणीत टिकलो, आता काय होणार! २००५ मध्ये ‘कतरिना’ तिसऱ्या श्रेणीचं होऊन आलं, पण त्याचा घेर अवाढव्य होता, आणि आदल्या दिवशी पाचव्या श्रेणीत असताना त्यानं लोटलेलं पाणी वाऱ्याबरोबर ओसरलं नव्हतं. पास ख्रिश्चन गावात उधाण जवळजवळ २८ फूट चढलं. कमीलनं १९६९ पेक्षा २००५ मध्ये जास्त माणसं मारली, असं त्या किनाऱ्यावर म्हणतात. उधाणाचे आकडे त्या श्रेणीतून २०१० मध्ये काढून टाकण्यात आले. उशिरा का होईना.

आता न्यू ऑर्लिन्स. या विषयावर लिहिणारा प्रत्येक जण तिथे येऊन पोहोचतो, आणि त्याला इलाजही नाही, कारण आधी वर्तवलेल्या नुकसानीची इतकी कागदपत्रं दुसऱ्या कुठल्या शहराची नसतील.

मिसिसिपी नदीनं शतकानुशतकं गाळ टाकून आपल्या काठांवर उंचवटे तयार केले. फ्रेंचांनी १७१८ मध्ये गाव वसवलं ते अशाच एका उंचवट्यावर. मागे पाँचर्ट्रेन सरोवरापर्यंत दलदल होती आणि दोन शतकं तिकडे फारसं कुणी घर बांधलं नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी बॉल्डविन वुड या अभियंत्यानं प्रचंड क्षमतेचे पंप बनवले, दलदलीतलं पाणी उपसून सरोवरात टाकलं आणि शहर त्या बाजूला पसरलं. पण दलदलीची माती म्हणजे अर्धीमुर्धी कुजलेली झाडपाल्याची साय. पाणी गेलं की ती आक्रसते. जमीन खचत गेली, काही भाग समुद्रसपाटीच्या सहा-आठ फूट खाली गेले, म्हणून बांध उंच केले, आणि पाऊस बाहेर टाकायला पंप अखंड चालू ठेवावे लागले. जे पाणी उपसायचं ते सरोवराकडे नेणारे कालवे वस्तीच्या मधून जात, आणि सरोवर चढलं की तेच कालवे पाणी उलट आत आणू शकत. कालव्यांच्या तोंडाशी दारं बसवावीत असा एक विचार होता. स्थानिक संस्थांना तो नको होता, कारण दारं मिटली तर पंपांचं पाणी जाणार कुठे. मग कालव्यांच्या दोन्ही काठांवर मैलोगणती भिंती बांधल्या गेल्या. या भिंतींकडे आपल्याला परत यायचंय.

२००२ च्या जूनमध्ये ‘टाइम्स-पिकायून’ या स्थानिक दैनिकात जॉन मॅक्वेड आणि मार्क श्लाइफस्टाइन या वार्ताहरांनी पाच भागांची लेखमाला लिहिली. मोठं वादळ आलं तर शहराचा हौद कसा भरेल, सुमारे लाखभर लोकांकडे निघून जायला वाहन कसं नाही, हे सगळं त्यात होतं. दोन वर्षांनी, जुलै २००४ मध्ये, बॅटन रूज इथे केंद्र, राज्य आणि स्थानिक पातळीवरचे सुमारे तीनशे अधिकारी आणि शास्त्रज्ञ जमले आणि ‘पॅम’ नावाच्या एका काल्पनिक हरिकेनशी पाच दिवस झुंजले. पॅमचा वारा ताशी १२० मैल, पाऊस काही भागांत २० इंच, उधाण बांधांच्या वरून आत. हिशेब निघाला : दहा लाखांहून अधिक लोक विस्थापित, पाच-सहा लाख इमारती उद्ध्वस्त, मृत साठ हजारांवर. त्या कागदांवर शाई वाळते न वाळते तोच पुढच्या बैठकांचे पैसे आटले.

मग २००५ मध्ये खरं वादळ आलं, ‘कतरिना’. ते कुठे येणार याचा अंदाज राष्ट्रीय हरिकेन केंद्रानं सुमारे अडीच दिवस आधी जवळपास बरोबर सांगितला होता. लुइझियाना राज्य विद्यापीठात इवोर व्हॅन हीर्डन आणि त्यांचे सहकारी महासंगणकावर उधाणाचं मॉडेल चालवत होते. त्यांचे नकाशे शहरात पाणी दाखवत होते. रविवारी, २८ ऑगस्टला सकाळी दहाच्या सुमारास स्लाइडेलच्या हवामान कार्यालयातून रॉबर्ट रिक्स यांनी एक इशारा प्रसिद्ध केला. त्यातली वाक्यं त्यांची स्वतःची नव्हती. १९९० च्या दशकात फ्लोरिडातल्या टँपा बे कार्यालयातल्या मंडळींनी, प्रचंड वादळ आलंच तर घाईत शब्द शोधत बसायला नको म्हणून, तयार मसुदे करून ठेवले होते. रिक्स न्यू ऑर्लिन्समध्येच वाढलेले. ते मसुद्याची एकेक ओळ वाचत गेले, यातलं कोणतं वाक्य आपल्याला लागू नाही ते काढून टाकावं म्हणून. काढण्याजोगं एकही सापडलं नाही. बराचसा प्रदेश कित्येक आठवडे राहण्याजोगा उरणार नाही, पक्क्या घरांपैकी निम्म्यांची तरी छपरं आणि भिंती जातील, पाण्याच्या टंचाईनं माणसांचे अतोनात हाल होतील, अशा अर्थाचा तो मजकूर होता. अनेकांना तो कुणीतरी केलेली थट्टा वाटली. त्यानं पुष्कळ लोकांचे प्राण वाचवले असं आज मानलं जातं, आणि ते पटण्यासारखं आहे.

तरीही तो इशारा नीट वाचला तर दिसतं, की त्यातला बराच भाग वाऱ्याबद्दल आहे. आणि न्यू ऑर्लिन्स वाऱ्यानं मोडलं नाही. शहरापुरता वारा त्या इशाऱ्यातल्यापेक्षा कितीतरी कमी होता. शहर आठवडे ओस पडलं, पाण्यावाचून हाल झाले, हे शब्दशः खरं ठरलं, पण वेगळ्याच वाटेनं. पॅमचंही तसंच. त्या सरावात पाणी बांधांवरून ओसंडून आत येतं. बांध मात्र उभे राहतात. प्रत्यक्षात २९ ऑगस्टच्या सकाळी १७ व्या रस्त्याच्या आणि लंडन अव्हेन्यूच्या कालव्यांवरच्या भिंती पाणी त्यांच्या माथ्यापर्यंत पोहोचण्याआधीच कोसळल्या. भिंत आणि तिच्या पायाची माती यांच्यात पाण्याच्या बाजूनं फट पडली, पाणी त्या फटीतून खाली उतरलं, आणि खालची मऊ माती किंवा वाळू सरकली. एकंदर पन्नासेक ठिकाणी बांध आणि भिंती फुटल्या आणि ऐंशी टक्के शहर पाण्याखाली गेलं. १७१८ च्या मूळ वस्तीचा, म्हणजे फ्रेंच क्वार्टरचा उंचवटा जवळजवळ कोरडा राहिला.

बांधणाऱ्या लष्करी अभियंत्यांनीच नेमलेल्या चौकशी गटानं २००६ मध्ये जे लिहिलं, त्यातली एक गोष्ट मला सगळ्यांत बोलकी वाटते. काही भिंती मुळातच ठरवल्यापेक्षा फूट-दोन फूट बुटक्या बांधल्या गेल्या होत्या. सर्वेक्षणाचा संदर्भबिंदू, म्हणजे ज्याला शून्य धरून उंची मोजायची तो बिंदू, आणि प्रत्यक्ष समुद्रसपाटी या दोन गोष्टी एकच आहेत असं धरलं गेलं होतं. खचणाऱ्या शहरात त्या एक राहत नाहीत. महासंगणकात लाटांची गणितं सहा-सहा इंचांनी सुधारणारे शास्त्रज्ञ एकीकडे, आणि ज्या भिंतीशी त्या लाटेची तुलना करायची तिची उंचीच चुकीची. ही माहिती वादळानं आणायची नव्हती. ती कुणीही, कोणत्याही कोरड्या दिवशी, लेव्हल लावून मोजू शकलं असतं.

माणसांच्या हिशेबातही हेच. पॅमच्या गृहीतानुसार जेमतेम एक तृतीयांश लोकच आधी बाहेर पडणार होते. प्रत्यक्षात त्याहून बरेच जास्त लोक बाहेर पडले, महामार्गाच्या दोन्ही बाजू बाहेरच्या दिशेनं वळवल्या होत्या, आणि ती योजना चालली. मृतांचा आकडा साठ हजारांच्या जवळपासही गेला नाही याचं ते एक मोठं कारण. पण शहरातल्या चारांपैकी एकाहून अधिक कुटुंबांकडे गाडी नव्हती, हे २००० च्या जनगणनेत छापलेलं होतं. शहर सोडण्याची सक्तीची आज्ञा निघाली ती रविवारी सकाळी, वादळाच्या जेमतेम एक दिवस आधी. आणि तारीख होती २८. ज्यांचे सरकारी मदतीचे धनादेश महिन्याच्या पहिल्या तारखेला येतात त्यांच्या खिशात महिनाअखेरीला पेट्रोलचे आणि लॉजचे पैसे नसतात. कोणत्या मॉडेलमध्ये तारीख हा रकाना असतो? लुइझियानातल्या मृतांपैकी जवळजवळ निम्मे ७५ वर्षांचे किंवा त्याहून वयस्क होते. सेंट बर्नार्ड भागात एकाच वृद्धाश्रमात ३५ जण गेले.

पैशांचा अंदाज करणाऱ्यांनाही त्या दिवशी यश आलं नाही. पहिल्या दिवसाचे आकडे फारच कमी निघाले; खासगी विमा कंपन्यांना शेवटी चाळीस अब्ज डॉलरच्या वर द्यावे लागले. काही कारणं शास्त्रीय होती, काही हास्यास्पद. मिसिसिपीच्या किनाऱ्यावरचे जुगारअड्डे कायद्याच्या सोयीसाठी तरंगत्या बार्जवर बांधलेले होते, आणि विम्याच्या नोंदींत ते जमिनीवरच्या काँक्रीटच्या इमारती म्हणून बसले होते. उधाण आलं तेव्हा त्या ‘इमारती’ रस्ता ओलांडून पलीकडे गेल्या. शिवाय एवढ्या मोठ्या विध्वंसानंतर सुतार, प्लंबर, प्लायवूड सगळ्यांचे भाव चढतात, त्यामुळे तेच छप्पर दुरुस्त करायला दीडपट लागतात. हा भागही तेव्हा कमी धरला गेला होता.

नंतरचा आकडा तरी पक्का असतो असं समजू नये. कतरिनाच्या मृतांची संख्या वर्षानुवर्षं १,८३३ अशी सांगितली जाई. २०२३ मध्ये हरिकेन केंद्रानं ती १,३९२ केली. एकूण नुकसान आधी १०८ अब्ज डॉलर होतं, मग १२५ झालं. झालेलं मोजायला इतका काळ लागतो, तर न झालेलं मोजणाऱ्यांवर टीका करताना हात जरा आखडता घ्यावा, असं माझं मत आहे. अंदाज एका आकड्यात मागणाऱ्यांवर मात्र टीका अवश्य करावी.

मराठी वाचकाला हे सगळं दूरचं वाटू नये. कतरिनाच्या जेमतेम महिनाभर आधी, २६ जुलै २००५ ला, सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्याच दिवशी कुलाब्याला ७३. ते वादळ नव्हतं, उधाणही नव्हतं. पण मुंबईत अतिवृष्टी असा इशारा कितीही वेळेवर दिला असता तरी तो कुलाब्याला खोटा आणि कुर्ल्याला अपुरा ठरला असता. नुकसानीचा अंदाज शहराला देता येत नाही, मिठी नदीच्या कोणत्या वळणावरच्या कोणत्या चाळीचं जोतं किती उंच आहे त्याला द्यावा लागतो. पुढे २०२१ च्या मे महिन्यात ‘तौक्ते’ मुंबईच्या पश्चिमेनं वर गेलं. हवामान खात्याचा इशारा आधीच आला होता, महापालिकेनं झाडं, होर्डिंग, किनाऱ्यावरची कोविड केंद्रं यांची काळजी घेतली. सगळ्यांत मोठा घाव बसला तो कोणत्याही वॉर्डाच्या नकाशात नसलेल्या जागी : समुद्रातल्या तेलक्षेत्रात कामगारांच्या निवासासाठी उभा केलेला पी-३०५ हा बार्ज नांगर तुटून वाहत गेला आणि बुडाला. त्यावर २६१ जण होते. सत्तरच्या आसपास परतले नाहीत. मिसिसिपीच्या किनाऱ्यावरचे तरंगते जुगारअड्डे आणि हा बार्ज यांच्यात एक साम्य आहे. दोन्ही कुठे आहेत हे सगळ्यांना दिसत होतं, आणि धोक्याच्या यादीत त्यांना त्यांची खरी जागा मिळालेली नव्हती.

न्यू ऑर्लिन्सनं चुकांतून काही घेतलं नाही असं म्हणता येणार नाही. सुमारे साडेचौदा अब्ज डॉलर खर्चून बांध, भिंती, पंप पुन्हा बांधले गेले. कालव्यांच्या तोंडाशी अखेर दारं बसली. पूर्वेला जवळजवळ तीन किलोमीटर लांबीचा उधाणरोधक बांध उभा राहिला. कतरिनाच्या बरोबर सोळाव्या वर्षी, त्याच तारखेला, २९ ऑगस्ट २०२१ रोजी, ‘आयडा’ लुइझियानात शिरलं तेव्हा वारा ताशी २४० किलोमीटर होता. शहराचे बांध टिकले. पाण्याचा अंदाज आणि पाण्याची तयारी दोन्ही उत्तीर्ण झाली.

वीज गेली. शहरात येणाऱ्या आठच्या आठ उच्चदाब वाहिन्या बंद पडल्या, एक मनोरा नदीत कोसळला, आणि ऑगस्टअखेरच्या उकाड्यात शहर अंधारात राहिलं. न्यू ऑर्लिन्समध्ये त्या वेळी जे गेले त्यांतले बहुतेक बुडून नव्हे, उष्म्यानं गेले. काही बंद घरात जनरेटर चालवल्यामुळे विषारी वायूनं. वृद्धांसाठीच्या बहुमजली इमारतींत लिफ्ट बंद होती आणि वरच्या मजल्यावर कोण आहे याची यादी कुणाकडे धड नव्हती.

यातून जो प्रश्न उभा राहतो तो आज या क्षेत्रातला सगळ्यांत कठीण प्रश्न आहे. महामार्गाच्या सगळ्या मार्गिका बाहेरच्या दिशेनं वळवून शहर रिकामं करायचं तर तीन दिवस आधी निर्णय लागतो. आयडा २६ ऑगस्टला नुसता कमी दाबाचा प्रदेश होतं आणि २९ ला चौथ्या श्रेणीचं हरिकेन होऊन किनाऱ्यावर आलं. सक्तीनं शहर सोडायला लावण्याएवढा वेळच नाही, असं महापौरांनी तेव्हा जाहीर सांगितलं. आखाताचं पाणी तापत चाललंय, वादळं किनाऱ्याजवळ येऊन झपाट्यानं वाढताहेत, आणि रस्त्यांची रुंदी तेवढीच आहे. मग लोकांना हलवायचं की जागच्या जागी वीज, पाणी आणि गारवा देऊन सांभाळायचं? या वादात हवामानशास्त्रज्ञ, विमावाले आणि नगरपालिकांचे अभियंते अजून एकमताला आलेले नाहीत. पुस्तकाचं शेवटचं प्रकरण या वादावर आहे. गणिताची सवय नसलेल्या वाचकानं माझं ऐकलं तर तिथूनच सुरुवात करावी, आणि वक्ररेषांची प्रकरणं मग सवडीनं वाचावीत.